आईचं तोंड कुणीकडे

३ सप्टेंबर

आज पुन्हा खुर्ची.

सूरीनाममध्ये किती वंश, किती धर्म आणि किती भाषा एकत्र नांदतात यावर बाहेरचे लोक येऊन पुस्तकं लिहून जातात. आमच्या रेडिओ स्टेशनवर ते सगळं एकाच खोलीत नांदतं, आणि त्या खोलीत खुर्ची एकच आहे. फिरवली की वर-खाली होते. सकाळी आधी सुखदेव बिहारीचा हिंदुस्तानी तास, मग माझा जावानीज. संध्याकाळी उलट. सुखदेव सुपारीच्या झाडासारखा वाढलेला, त्यामुळे तो खुर्ची पार वर चढवून जातो. मग मी बसलो की माझे पाय शाळकरी पोरासारखे लोंबतात. आज मी अशा लोंबत्या पायांनी निधनवार्ता वाचल्या. पाय जमिनीला टेकलेले नसले की आवाजात गांभीर्य येत नाही. यात मेलेल्यांचा काय दोष?

सुखदेवला स्पष्ट बोललो. तो म्हणाला, "पायमान भाय, संध्याकाळी तू उठून गेलास की माझे गुडघे हनुवटीला लागतात. ते मी कुणाच्या वार्तेत वाचू?"

"जाताना फिरवून ठेवली तर हात झिजतात का?"

"तू ठेवतोस?"

हा मुद्दा विषयाला सोडून होता.

६ सप्टेंबर

आईची बदली झाली. दर तीन महिन्यांनी होते. धाकटा भाऊ नगादी तिला लेलीडॉर्पहून घेऊन येतो, मी तामानरेजोहून सुखदेवची पिकअप मागून नेतो, आणि पुलाच्या पायथ्याशी, जिथे नारळवाले उभे असतात, तिथे देवाणघेवाण होते. त्याच्या घरी मी जात नाही, माझ्या घरी तो येत नाही. आम्ही एकमेकांशी बोलतही नाही. जे बोलायचं ते आईमार्फत. आईला आम्ही माक म्हणतो, बापाला पाक.

"माक, त्याला सांग, पांढरी गोळी जेवणाआधी द्यायची."

"माक, त्याला सांग, पाकिटावर लिहिलंय. मला वाचता येतं. मी त्यावरच पोट भरतो."

"माक, त्याला सांग, वाचता येणं आणि कळणं यात फरक असतो."

आई दोघांच्या मध्ये कापडी पिशवी धरून उभी. म्हणाली, "दोघांनाही सांगते, मला ऊन लागतंय."

वाळलीय. पिकअपच्या पायरीवर पाय ठेवायला तिला दोनदा थांबावं लागलं.

भांडण कशाचं, हे वहीला माहीत नसेल तर लिहून ठेवतो. भांडण दिशेचं आहे. आमचे आजोबा जावात होते तेव्हा मक्का पश्चिमेला होती. मग गोऱ्यांनी त्यांना उसाच्या मळ्यासाठी बोटीत बसवून अर्धी पृथ्वी ओलांडून इथे आणलं. मक्का पूर्वेला गेली, पण आजोबांना कुणी कळवलं नाही. कळल्यावरही त्यांनी सवय मोडली नाही, आणि आम्हीही नाही. आम्ही पश्चिमवाले. नगादीच्या पिढीत काहीजण शिकून आले, होकायंत्र घेऊन आले, आणि पूर्ववाले झाले. नगादी त्यात पुढे. कबरींचंही तसंच. उजवी कूस दोघांचीही, पण आमच्यात डोकं उत्तरेला म्हणून तोंड पश्चिमेला, त्यांच्यात डोकं दक्षिणेला म्हणून तोंड पूर्वेला. बाप गेला तेव्हा थोरला म्हणून मी त्याला पश्चिमेकडे तोंड करून ठेवला. नगादी कबरस्तानच्या फाटकाबाहेर उभा राहिला. आत आला नाही. तेव्हापासून हे असं.

माझी बायको यूजेनी क्रिओल, आफ्रिकी वंशाची. दर रविवारी टोपी घालून चर्चला जाते. लग्नात नगादीनेच सगळ्यांत जास्त नाच केला होता. ख्रिस्ती वहिनी चालली, पश्चिमेचा भाऊ चालेना.

१० सप्टेंबर

हॉलंडहून एक बाई आली होती. पत्रकार. तिने शहरातल्या मशिदीचा आणि तिला खेटून असलेल्या यहुद्यांच्या मंदिराचा फोटो काढला होता. सगळेच काढतात. आता तिला "त्यामागचा माणूस" हवा होता, तर कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं. मी बोललो. दोन प्रार्थनाघरांच्या मधे गाड्या लावायची जागाही एकच, सणावाराला एकमेकांना सोडून देतात, आमच्या रक्तातच समजूतदारपणा आहे वगैरे. खुर्ची त्या वेळी माझ्या मापाची होती, त्यामुळे आवाज चांगला लागला.

घरी येऊन यूजेनीला सांगितलं. ती कसावा तळत होती. हसता हसता तिने झारा खाली ठेवला.

"आणि तिने विचारलं का, तुला भाऊ किती?"

"तो विषय निघाला नाही."

"निघणार कसा? त्याला आत यायला फाटक कुठाय?"

आई रात्रभर खोकत होती. पहाटे मात्र खाटेवर बसून नमाज पढली. पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून. पाहून बरं वाटलं. निदान ही तरी आमच्यातली.

१५ सप्टेंबर

डॉक्टरने आईला बाहेर बसवलं आणि मला आत. तेव्हाच कळलं. हृदय थकलंय म्हणाला. औषध चालू ठेवा, मीठ बंद करा आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. डिसेंबरच्या बदलीपर्यंत ती नाही.

यूजेनीने नंबर लावून फोन माझ्या हातात कोंबला. पलीकडे नगादी. मधे आई नव्हती, त्यामुळे दोघांनाही सुरुवात कशी करायची कळेना. शेवटी मी निधनवार्तेच्या आवाजात डॉक्टरचं म्हणणं सांगितलं.

मग तो म्हणाला, "तिला इकडे आण."

"का?"

"का म्हणजे? ती माझ्याकडे पूर्वेला तोंड करून पढते. कितीतरी वर्षं. तिला तसंच जायचंय."

"खोटं. आज पहाटे माझ्या डोळ्यांदेखत पश्चिमेला पढली."

"तिला दिसत नाही नीट. तू फिरवून बसवत असशील."

"मी फिरवतो? आई आहे ती, स्टुडिओतली खुर्ची नव्हे!"

फोन त्याने आधी ठेवला की मी, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

आम्हा दोघांनाही माहीत आहे, बोललं कुणीच नाही. ज्याच्या घरी ती डोळे मिटेल, त्याची माणसं तिला पुरतील. आत्ता ती माझ्या घरी आहे.

संध्याकाळी तिलाच विचारलं. "माक, तुला कुणीकडे तोंड करून ठेवायचं?"

"मला उभीच पुरा. जागाही कमी लागेल."

"चेष्टा नको. पाकच्या शेजारची जागा राखून ठेवलीय मी."

"चाळीस वर्षं त्याचं घोरणं ऐकलं. पुरे झालं."

१८ सप्टेंबर

नगादी आला. फाटकाशी उभा. डोक्यावर पांढरी टोपी, हातात पपया. कुत्रा त्याला ओळखत नाही, म्हणून भुंकला. कुत्र्याचाही दोष नाही.

मी फाटक उघडलं पण वाटेतून हललो नाही. तोही पुढे आला नाही. शेजारची माणसं आपापल्या व्हरांड्यात एकदम झाडलोट करायला लागली.

"तिला न्यायला आलोय," तो म्हणाला. माझ्याकडे बघून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तिचे तीन महिने माझे आहेत."

"तिच्याकडे तीन महिने नाहीत, कांग."

'कांग' म्हणाला. थोरला भाऊ. तो शब्द अजून त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. मी खांब धरला.

"बापाला तू हवं तसं ठेवलंस," तो हळू आवाजात म्हणाला. "मी गप्प बसलो. पण हिची पाठ मक्केकडे होईल रे. एक दिवस नाही, कायमची. मला झोप येणार नाही."

"आणि तुझ्याकडे गेली तर? तिसऱ्या दिवशी तिच्या नावाने ताट कोण वाढेल? सातव्या दिवशी? चाळिसाव्या? तुम्ही स्लामेतानला अंधश्रद्धा म्हणता. बाई जन्मभर दुसऱ्यांसाठी शिजवत आली आणि गेल्यावर तू तिला उपाशी ठेवणार."

"मेलेल्याला भूक नसते."

"तर मग दिशा कशाला हवी?"

बोललो खरा. पण तो ज्या तोंडाने उभा राहिला ते बघून मुद्दा जिंकल्याची मजा गेली. आतून आई ओरडली, "कोण आलंय? नगादी? यूजेनी, दोघांना कॉफी दे!" त्याने फाटकाबाहेर उभं राहून घेतली, मी पायरीवर बसून. अर्धी टाकून तो गेला. पपया कुंपणाच्या खांबावर ठेवून गेला.

आईने नंतर कप मागून घेतला आणि आत वाकून बघितलं.

"एवढी टाकली?" एवढंच म्हणाली.

२२ सप्टेंबर

आई म्हणाली, "मला नगादीकडे सोड."

मी म्हणालो, सुखदेवची पिकअप बिघडलीय. गिअर.

पिकअप स्टेशनच्या दारात उभी होती. कालच धुतलेली.

२३ सप्टेंबर

"गिअर झाला का?"

"सामान यायचंय, माक. ब्राझीलहून."

२५ सप्टेंबर

वहीशी तरी खरं बोलावं. मी वाट बघतोय. प्रत्येक वेळी ती खोकते तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी एक माणूस बसून म्हणतो, इथेच, इथेच होऊ दे. तो माणूस मीच. तो फार नीटनेटका आहे. त्याने कबर खणणाऱ्यांशी बोलूनही ठेवलंय.

यूजेनीला काहीही सांगावं लागत नाही. आज भात वाढता वाढता म्हणाली, "तू आईची सेवा करतोयस की तिच्यावर पहारा देतोयस?"

"हा आमच्यातला प्रश्न आहे. तुला नाही कळणार."

"मला तुमचं नाही कळत. ती खिडकी कळते. ती रोज बघते त्या खिडकीतून काय दिसतं?"

"चिंच."

"त्याच्या पलीकडे?"

"रस्ता. मग नदी, पूल, शहर."

"आणि शहराच्या पलीकडे?"

मी म्हणालो, मला भूगोलाचा तास नको, भात हवा. तिने भाताचं भांडं माझ्यापुढे आपटलं आणि स्वतः जाऊन आईजवळ जेवली.

२७ सप्टेंबर

आज जे ऐकलं ते ऐकलं तसं लिहितो.

पहाटे पाणी द्यायला गेलो. आईची नमाज होत आली होती. मी दाराशी थांबलो. पढून झाल्यावर ती तळवे पसरून पुटपुटत होती. नगादीचा रक्तदाब, नगादीच्या मुलीची परीक्षा, नगादीच्या छपराची गळती. खिडकीकडे बघत. शब्दाशब्दाला नगादी. माझं नाव एकदाही नाही. मी तिला गेले तीन आठवडे सूप भरवतोय.

राहवलं नाही. म्हटलं, "माक, माझ्यासाठी काही मागत नाहीस?"

ती दचकली नाही. "तुझ्यासाठी तिकडे गेल्यावर मागते."

"तिकडे का?"

"तिकडे तू नसतोस म्हणून." मग, मला अजून कळलं नाही हे पाहून, लहानपणी जोडे उजवे-डावे सांगायची त्या आवाजात म्हणाली, "तुझ्या घरी तू आहेसच समोर. तुझ्याकडे काय बघायचं? लेलीडॉर्प तिकडे," तिने खिडकीकडे हनुवटी केली, "म्हणून इथे मी तिकडे बघते. त्याच्या घरी गेले की तामानरेजो इकडे, म्हणून इकडे बघते. जो समोर नाही त्याच्याकडे बघावं लागतं, पोरा."

"आणि मक्का?"

"मक्केला माझी काळजी नाही. तुम्हा दोघांची मला आहे."

मी पाणी दिलं. ते तिच्या हनुवटीवरून ओघळलं, मी पुसलं. मग ओट्यापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिलो. हिशेब सरळ होता. मी जिंकलो आणि तिला इथे माझ्या दिशेने ठेवलं, तर ती कायमची नगादीकडे बघत राहणार. नगादी जिंकला, तर कायमची माझ्याकडे.

सुखदेवला फोन केला. म्हटलं, गाडी हवी.

तो म्हणाला, "माझ्या गाडीला काय झालं होतं म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वहिनीने. गिअर ना?"

"गिअर."

"बरा झाला?"

"झाला."

"छान. मला चालवायला भीती वाटत होती," असं म्हणून दहाच्या सुमाराला तो स्वतः आला. आईला उचलून पुढच्या सीटवर त्यानेच बसवलं, जशी काही ती अंड्यांची टोपली.

नगादीच्या दारात मी पहिल्यांदा उतरलो. तो शिडीवर चढून व्हरांड्याच्या छपराला डांबर लावत होता. आईला पाहिलं, मग मला पाहिलं. पडेल म्हणून शिडीवरून उतरेपर्यंत कुणीच बोललं नाही.

"माक, त्याला सांग," मी म्हणालो, "पांढरी गोळी जेवणाआधी."

२९ सप्टेंबर

स्टेशन, मग लेलीडॉर्प. तिथे मी व्हरांड्यात बसतो, तो आत बसतो. आई पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून पढते. त्या भिंतीला खिडकी नाही. तिला ती लागत नाही.

आज तिने भिंतीला माझ्या दातदुखीबद्दल सांगितलं.

४ ऑक्टोबर

पहाटे गेली. आम्ही दोघंही होतो. आधी कुणाला कळलं यावर या वेळी मतभेद नाहीत. दोघांनाही उशिराच कळलं.

निधनवार्ता यूजेनीने लिहून पाठवली. माझ्या तासाला वाचायला कुणी नव्हतं. नगादीच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागला आणि आतून सुखदेवचा आवाज आला. जावानीजमध्ये! त्याला आमच्या भाषेतलं 'जेवलास का' सोडून काही येत नाही. आईचं नाव साकिनेम, त्याची त्याने सकीना केली. गावाचं नाव आडनावाला जोडलं. पण दोन्ही मुलांची नावं घेताना मात्र तो थांबला, श्वास घेतला, आणि पायमान व नगादी ही दोन नावं एका दमात, जोडून, अगदी बरोबर वाचली. मग काहीच नाही. कितीतरी वेळ नुसती खरखर. आमच्या स्टेशनवर एवढी शांतता परवडत नाही.

नगादी म्हणाला, "कोण आहे हा?"

"खुर्चीवाला," मी म्हणालो.

दुपारी पुरलं. लेलीडॉर्पच्या कबरस्तानात सगळेच पूर्ववाले. पश्चिमवाल्यांतले आमच्या गावचे काही लोक आले होते, ते फाटकाबाहेर उभे राहिले. बापाच्या वेळी नगादी उभा होता तसे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आईला घ्यायला खड्ड्यात मुलांनी उतरायचं. आम्ही उतरलो.

आणि मी उत्तरेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. डोकं घ्यायला. थोरला डोकं घेतो, आणि डोकं उत्तरेला. आमच्या गावात जन्मभर असंच केलंय. पायांनी आपोआप केलं. मी वर बघितलं तेव्हा कडेला उभ्या सगळ्यांचे चेहरे आवळलेले. त्यांना वाटलं, आला शेवटच्या क्षणी आपल्यावर. वर आईला धरलेले लोक जागच्या जागी थांबले. फाटकाबाहेरच्या आमच्या लोकांनी माना उंच केल्या. एकजण "बरोबर आहे!" म्हणाला. त्यावर इकडचा एकजण बाह्या सारत पुढे आला. नगादी खाली माझ्यासमोर, मातीने माखलेला, तोंड पांढरंफटक. त्यालाही तसंच वाटलं. मला दिसत होतं.

मला बोलायचं होतं की मी मुद्दाम नाही केलं. रेडिओवर बोलून पोट भरणारा माणूस मी.

"चुकलं," शेवटी एवढंच म्हणालो.

नगादीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "कांग, इकडे ये. डोकं तूच घे."

खड्डा अरुंद. जागा बदलायची तर एकमेकांना घासून जावं लागतं. आम्ही कूस फिरवून, पोटं आत ओढून, एकमेकांचे खांदे धरून सरकलो. त्याच्या घामाला अजून तोच वास आहे, लहानपणी एका चटईवर झोपायचो तेव्हाचा. एवढ्याशा जागेत लागायला हवा त्यापेक्षा आम्हाला जास्त वेळ लागला. वरच्यांनी वाट बघितली.

मग आईला घेतलं. फार हलकी होती. उजव्या कुशीवर वळवली. तोंड पूर्वेला.

मी हरलो असं गावात म्हणतील. म्हणू देत. मला पत्ता माहीत आहे.

१० ऑक्टोबर

सातवा दिवस. माझ्या घरी स्लामेतान. यूजेनीच्या चर्चच्या बायकांनी कोंबड्या साफ केल्या, सुखदेवच्या बायकोने भाताचं मोठं पातेलं आणलं. सुखदेव मांडी घालून पहिल्या रांगेत बसला आणि कुठे आमीन म्हणायचं ते माझ्याकडे बघून म्हणत होता. एकदा मीच चुकीच्या ठिकाणी म्हणालो, तर तोही म्हणाला.

नगादी येणार नव्हता. त्याला हे मान्य नाही आणि मी बोलावलंही नव्हतं. लोक जेवणाच्या पुड्या घेऊन निघाले तेव्हा फाटकाशी पांढरी टोपी दिसली. प्रार्थना संपेपर्यंत तो रस्त्यापलीकडे थांबला असावा. कुत्रा भुंकला नाही.

मी जवळ गेलो. तो चिंचेकडे बघत होता.

"माक, त्याला सांग..." तो म्हणाला, आणि थांबला.

आम्ही दोघंही त्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो.

मग त्याने घसा खाकरला. "कांग. माझ्यासाठी पुडी बांधली असशील तर दे. मी जेवायला नाही आलो. मुलीला भात आवडतो."

बांधली होती. केळीच्या पानात, वर कोंबडीची तंगडी. यूजेनीने सकाळीच बाजूला ठेवली होती. कुणासाठी, हे मी विचारलं नव्हतं. तो घेऊन गेला. मी आत जाऊन कॉफी आणेपर्यंत तो वळणावर पोचला होता. म्हणून ओरडलो, "रविवारी ये! कॉफी पुरी पिऊन जायला!"

त्याने पुडी वर केली. हो की नाही, ते अंधारात कळलं नाही.

११ ऑक्टोबर

पुन्हा कामावर. संध्याकाळी आधी माझा तास. दोन वार्ता होत्या. एक पश्चिमवाल्यांची, एक पूर्ववाल्यांची. सारख्याच आवाजात वाचल्या. पाय जमिनीला टेकले होते.

लाल दिवा विझला. बाहेर सुखदेवचे जोडे वाजले. त्याने त्या दिवशी माझ्या आईचं नाव वाचलं त्याबद्दल मी अजून काहीही बोललो नाही, आणि बोलता येईल असं वाटतही नाही. उठलो, खुर्चीच्या पाठीला धरलं आणि फिरवली. फिरवत गेलो. माझ्या छातीशी येईपर्यंत.

तो आत आला, बसला. गुडघे टेबलाखाली नीट गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी माझी छत्री शोधत होतो.